लस टोचली, पण नोंद कोठे आहे?

(जामसर येथे भरलेल्या ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आमचे सारे आयुष्य प्राथमिक शाळेच्या हजेरीपटाबरोबर गेले. वैद्यकावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु नोंद म्हणजे काय आणि ती न ठेवल्यास काय होते, ह्याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार मात्र आहे, असे नम्रपणे वाटते. आमच्या जनरल रजिस्टरात कित्येक मुलांची जन्मतारीख 1 जून अशी आढळेल. ती सारी मुले एकाच दिवशी जन्मली नव्हती. घरी टिपण नव्हते, म्हणून गुरुजींनी सोयीची तारीख घातली आणि तीच जन्मभर चिकटली. जन्मतारखेची चूक मनुष्य कशीबशी सोसतो. लसीच्या बाबतीत असा अंदाज चालत नाही.

ह्याचे एक मोठे उदाहरण आपल्या मुंबईशी निगडित आहे. 1896 साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा डॉ. हाफकिन ह्यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती लस दूरदूर जाऊ लागली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल ह्या गावी 107 जणांना ती टोचण्यात आली, आणि त्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. हाहाकार उडाला. सारे खापर हाफकिन ह्यांच्या माथी फुटले व त्यांस कामावरून दूर करण्यात आले.

परंतु एक गोष्ट शाबूत होती, ती म्हणजे बाटल्यांची नोंद. दगावलेल्या एकोणीसही जणांना 53-एन ह्या एकाच बाटलीतून लस दिलेली होती; इतर बाटल्यांतून टोचलेल्या 88 जणांस धनुर्वात झाला नाही. हा क्रमांक लिहिलेला नसता, तर सारी लसच विषारी ठरली असती. मग ती बाटली मुंबईत दूषित झाली की गावात उघडताना, असा वाद माजला. बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरता निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब चौकशीत आलेली होती. पण तिचे महत्त्व मान्य होण्यास जवळजवळ पाच वर्षे गेली. डॉ. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रातून हाफकिन ह्यांची बाजू मांडली आणि 1907 च्या अखेरीस ते दोषमुक्त झाले. 1925 साली त्याच प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. सज्जनहो, निरपराध्यास अखेर सोडविले ते नोंदीने.

म्हणून आमचे म्हणणे असे की, लस टोचणे हे डॉक्टरांचे अर्धे काम होय. लिहिणे हे उरलेले अर्धे. बालकाचे नाव, लसीचे नाव, कितवा डोस, तारीख, बाटलीचा गटक्रमांक व मुदत, ही सारी नोंद हवी. क्षयाची व गोवर-रुबेलाची लस एकदा कालवली की चार तासांच्या आत वापरावी लागते, उरल्यास टाकून द्यावी लागते; तेव्हा ती कालविल्याची वेळही लिहिली पाहिजे. आज यू-विन ह्या संगणकीय व्यवस्थेतही नोंदी होतात. तथापि बाळाच्या आईच्या हाती कार्ड असणे अवश्यच आहे.

दुसरे कर्तव्य अधिक कठीण आहे. लसीनंतर बालकास अपाय झाला, तर तो वर कळविणे. मृत्यू, रुग्णालयात भरती, अपंगत्व, किंवा एकाच ठिकाणी अनेकांना त्रास, असे काही घडल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याने ते तात्काळ जिल्ह्याला कळवावयाचे असते; खासगी डॉक्टरांकडूनही तीच अपेक्षा आहे. कळविणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे. दोष लसीचा, साठवणीचा, टोचण्याच्या पद्धतीचा, की केवळ योगायोगाने त्याच वेळी आलेल्या दुसऱ्या आजाराचा, हे चौकशीनेच ठरते.

आमच्या पाहण्यातील गोष्ट सांगतो. एका पाड्यावर लस घेतल्यानंतर बाळास ताप आला व मांडी सुजली. ज्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी गोळी दिली. पण कागदावर एक अक्षर लिहिले नाही, की आईस काही समजावून सांगितले नाही. बाळ दोन दिवसांत खेळू लागले. परंतु त्या माउलीने पुढे धाकट्या मुलीस एकही लस टोचू दिली नाही. असा ताप व सूज बहुधा आपोआप उतरते, एवढे सांगितले असते तर ती मुलगी आज निराधार राहिली नसती. डॉक्टर गप्प राहिले की अफवा बोलू लागते.

आपणांकडूनही काही व्हावयास हवे. पावसाळा सरला की जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे वीटभट्ट्यांकडे भिवंडी-वसईस जातात, आणि कार्ड घरच्या आढ्याला खोचलेले राहते. तेथील परिचारिकेने काय पाहून टोचावे? म्हणून शिधापत्रिकेबरोबर कार्डही गाठोड्यात असावे. लस टोचल्यावर अर्धा तास तेथेच बसावे, कारण गंभीर प्रतिक्रिया बहुधा लगेचच उमटते. त्रास झाल्यास आरोग्य केंद्रात सांगावे, लपवू नये. उपचाराचे कागद मागण्यास संकोचू नये. वैद्यक व्यावसायिकांच्या 2002 च्या आचारनियमांप्रमाणे ते 72 तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

आपल्या ज्ञातीतील जी मुले डॉक्टर होतील, त्यांस ह्या वृद्ध शिक्षकाचे एकच सांगणे आहे: बाळांनो, सुईबरोबर लेखणीही हाती धरा. चांगले घडले तर लिहा. वाईट घडले तर आधी लिहा.