अमीन सयानी आणि चित्रपटगीतांचा श्रोता



जुन्या चित्रपटगीतांविषयी बोलणे निघाले की गायकांच्या नामावळीबरोबर एका निवेदकाचेही नाव हटकून घेतले जाते. ते नाव अमीन सयानी यांचे. २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत जन्मलेले सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईतच निवर्तले. निवेदकाला गायकांच्या पंक्तीत बसण्याचा हा मान कसा लाभला, हे समजण्यासाठी १९५२ सालाकडे वळले पाहिजे.

त्या वर्षी डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीत घरोघर पोहोचावे, ही या मराठी विद्वानाची तळमळ खरी होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला, हे ऋण विसरता येणार नाही. परंतु चित्रपटगीते त्यांना हीन अभिरुचीची वाटत. पुढे निर्मात्यांशीही वाद झाला आणि आकाशवाणीवरून ही गीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी आवड बदलली नाही, केंद्र तेवढे बदलले. रेडिओ सिलोनपाशी महायुद्धकाळात लष्करासाठी उभारलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक होते. समुद्रापलीकडून येणारा तो आवाज भारतभर ऐकू जाऊ लागला.

‘बिनाका गीतमाला’ १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली. तिचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती विमानाने कोलंबोस जात. आरंभी ती एक स्पर्धाच होती. १९५४ पासून गीते लोकप्रियतेच्या क्रमाने लागू लागली. ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि श्रोतृसंघांची मते यांवरून क्रम ठरे. कोणते गीत कोणत्या ‘पायदाना’वर चढले, या उत्सुकतेने बुधवारी रात्री आठ वाजता घरातली आणि उपाहारगृहातली माणसे रेडिओभोवती जमत. ज्याच्या घरी रेडिओ नसे, तो शेजाऱ्याच्या ओसरीवर बसे.

सयानींच्या भाषेचे मूळ त्यांच्या घरात होते. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी ‘रहबर’ हे पाक्षिक चालवीत. गांधीजींच्या प्रेरणेने निघालेल्या या नियतकालिकाची भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. लिप्या मात्र तीन : नागरी, उर्दू आणि गुजराती. नवसाक्षरांना कळेल असे लिहावयाचे, हा त्याचा दंडक. मातेला या कामी साहाय्य करताना मुलाची जीभ घडली. ‘बहनो और भाइयो’ या संबोधनात बहिणींना अग्रस्थान देणारी ती वाणी कोणालाही परकी वाटली नाही.

या काळात नभोवाणीने गायकांनाही न्याय दिला. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांवर गायिकेऐवजी पात्राचे नाव छापले होते. श्रोत्यांनी पत्रे पाठवून विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव नभोवाणीवरून कळले. रेडिओ सिलोनने मागच्या पिढीलाही अंतर दिले नाही. जुन्या गीतांच्या प्रभातसभेची सांगता कुंदनलाल सैगल यांच्या स्वराने होई. १९४७ च्या जानेवारीत निधन पावलेला हा गायक अशा रीतीने कित्येक वर्षे रोज सकाळी ऐकू येत राहिला.

शासनालाही लोकरुचीची दखल घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली; १९८९ मध्ये खुद्द ‘गीतमाला’च तेथे आली आणि १९९४ पर्यंत चालली.

आज ती गीते कोणत्याही क्षणी ऐकता येतात. तरीही हुरहूर शिल्लक राहते, कारण ती केवळ गीतांसाठी नाही. आठवडाभर वाट पाहणे, एकाच वेळी अनेकांनी मिळून ऐकणे आणि आपल्या आवडीला कोणी आदराने नाव घेऊन हाक मारणे, हे सुख दुर्मिळ झाले आहे. अभिरुची वरून लादता येत नाही, तसेच तिला वाऱ्यावरही सोडता येत नाही. तिच्याशी सभ्यपणे संवाद करावा लागतो. केसकरांच्या तळमळीला हा संवाद साधला नाही. सयानींना तो साधला, आणि म्हणूनच त्यांचे स्मरण केवळ गतकाळाचे स्मरण ठरत नाही.