लहान कार्डातील मोठे दप्तर



जागा थोडी आणि कागद फार, ही अडचण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. संगणकाच्या क्षेत्रातही ती उद्भवली होती. तिच्यावर योजलेल्या एका उपायाची माहिती मी आज देणार आहे. कारण त्यातील बोध आपल्या दप्तरालाही लागू पडतो.

ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९९४ साली ‘२००एलएक्स’ हा तळहातावर मावणारा संगणक बाजारात आणला. दोन पेन्सिल सेलांवर तो चालत असे. त्याच्या खाचेत काढता-घालता येणारे मेमरी कार्ड बसे. ही कार्डे महाग असत आणि त्यांत जागाही बेताचीच असे. म्हणून अनेक जण कार्डावर ‘स्टॅकर’ ही संक्षेपन-प्रणाली बसवीत.

तिचे तत्त्व सोपे आहे. लेम्पेल व झिव्ह या शास्त्रज्ञांनी ते १९७७ साली मांडले होते. मजकुरात पुन्हा आलेला भाग पुन्हा लिहायचा नाही. मागे तो कोठे आला आहे, एवढीच खूण ठेवायची. त्यामुळे साध्या मजकुराला बहुधा निम्मी जागा पुरे. आधीच संक्षिप्त केलेल्या फायलींत मात्र फारशी बचत होत नसे. म्हणून शिल्लक जागेचा पडद्यावर दिसणारा आकडा हा केवळ अंदाज असे.

मांडणीचा क्रम असा होता. प्रथम कार्डावरील सर्व फायलींची प्रत अन्यत्र काढून ठेवायची. नंतर स्टॅकरचा चालक-प्रोग्रॅम संगणकाच्या अंतर्गत ‘सी’ ड्राइव्हवर ठेवायचा. पेटीची किल्ली पेटीतच ठेवून कसे चालेल? ‘कॉन्फिग.सिस’ या फायलीत त्याची नोंद करून संगणक पुन्हा सुरू करायचा. त्यानंतर कार्डावर ‘स्टॅकव्हॉल.डीएसके’ ही एक मोठी फाईल तयार करायची. पुढे सर्व कागद तिच्याच पोटात जात.

सोय येथे होती आणि धोकाही येथेच होता. लेखन चालू असता कार्ड उपसले, तर एखादाच कागद नव्हे, सारी कणगीच धोक्यात येई. शिवाय ज्या संगणकात स्टॅकर नसे, त्याला आतील काहीच वाचता येत नसे. आजच्या संगणकाला असे कार्ड जोडले, तर ती मोठी फाईल तेवढी सापडते. आतील कागद आपोआप उघडत नाहीत.

शाळेचे प्रवेशपुस्तक असो वा ग्रामसभेचे इतिवृत्त, ते पुढच्या पिढीला वाचता आले पाहिजे. यास्तव तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मूळ प्रत वेगळ्या जागी असावी. कोणत्या प्रणालीने जतन केले, हे वेष्टनावर लिहावे. वर्षातून एकदा दुसऱ्या संगणकावर ते उघडून पाहावे. जागेची काटकसर जरूर करावी. परंतु जे जपले ते वाचता येत नसेल, तर ते जपले असे म्हणता येणार नाही.