खुनी कोण, यावर एकमत नाही

(वाचन प्रेरणा दिनानिमित्त सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय आहे, या महिन्याचं पुस्तक आणि त्यावर आपल्या वाचकांची मतं. पुस्तक म्हणजे 'बॅटमॅन : द लाँग हॅलोविन'. तरुण मंडळींच्या आग्रहावरून ते आपल्या लायब्ररीत आलं, आणि आठच दिवसांत सूचनापेटीत एक चिठ्ठी पडली : "असली रक्तबंबाळ चित्रांची पुस्तकं सोसायटीच्या पैशांतून घेऊ नयेत, काढून टाकावीत." चिठ्ठीवर नाव नव्हतं. तरी उत्तर द्यायला हवं, कारण पैसा सगळ्यांचा आहे. ते शेवटी देतो.

आधी ज्येष्ठांच्या बाकासाठी दोन शब्द. चित्रांच्या पुस्तकाला नाकं मुरडू नका. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड आपण अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळासाठी भावंडांशी भांडलो. मुखवटेवाले आपल्याला नवे नाहीत.

आता पुस्तक. जेफ लोब यांनी लिहिलं, टिम सेल यांनी चित्रं काढली. १९९६-९७ मध्ये अमेरिकेत ते तेरा अंकांत क्रमशः आलं, मग एकत्र पुस्तक झालं. गोथम नावाच्या काल्पनिक शहरात कार्माइन फाल्कोन या माफिया म्होरक्याचं राज्य चालतं. त्याला संपवायला तीन माणसं एका गच्चीवर भेटतात : पोलीस कॅप्टन गॉर्डन, सरकारी वकील हार्वे डेंट आणि बॅटमॅन. तिघांचा करार असा, की नियम वाकवायचे, पण मोडायचे नाहीत. तेवढ्यात खून सुरू होतात. हॅलोविन, थँक्सगिव्हिंग, नाताळ, दर महिन्याच्या सणाला एक. बहुतेक फाल्कोनच्या किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या गोटातली माणसं. पिस्तूल छोटं, आवाज दाबायला बाळाच्या दुधाच्या बाटलीचं रबरी बूच, आणि मागे त्या त्या सणाची एखादी वस्तू. पेपरवाले खुन्याला 'हॉलिडे' म्हणू लागतात. तो कोण, हे रहस्य.

ज्यांचं वाचायचं राहिलंय त्यांनी आता कानांवर हात ठेवावेत, कारण शेवट सांगितल्याशिवाय मतं सांगता येणार नाहीत.

फाल्कोनचा मुलगा अल्बर्टो पकडला जातो आणि सगळे खून मीच केले म्हणतो. मधल्या काळात कोर्टात तोंडावर अ‍ॅसिड पडून हार्वे डेंटचा 'टू-फेस' झालेला असतो. तो फाल्कोनला मारतो, पोलिसांच्या स्वाधीन होतो आणि म्हणतो, हॉलिडे दोन होते. आणि अगदी शेवटच्या पानांवर हार्वेची बायको गिल्डा, घरात एकटी, पुरावे जाळत स्वतःशीच म्हणते की सुरुवातीचे खून तिने केले, पुढचे नवऱ्याने केले अशी तिची समजूत. तिघांची तीन निवेदनं, आणि ती एकमेकांत बसत नाहीत. जगभरचे वाचक यावर अजून वाद घालतात. २०२१ मध्ये यावर दोन भागांत अ‍ॅनिमेशनपट निघाला, त्यात तर शेवट बदललाच.

आपल्या कट्ट्यावर चार प्रकारची मतं पडली.

पहिलं मत नाराजीचं. रहस्यकथा म्हटली की शेवटी हिशोब टॅली झाला पाहिजे. लेखकाने वाचकाला तेरा अंक धावायला लावलं आणि खातं उघडंच ठेवलं, ही फसवणूक आहे. आमचे एक निवृत्त शिक्षक तर म्हणाले, "पेपर फुटला तरी चालेल, पण उत्तरपत्रिका हवी!"

दुसरं मत गर्दीचं. जोकर, रिडलर, पॉयझन आयव्ही, स्केअरक्रो, मॅड हॅटर, जत्रेतल्या सोंगांसारखे एकामागून एक येतात आणि तपास तिथेच राहतो. मला हे मत बरंचसं पटतं. पण कॉलेजातल्या एका मुलीने चांगलं उत्तर दिलं. सुरुवातीला शहर गुंडांच्या हातात असतं आणि शेवटी या विक्षिप्तांच्या. एक कीड काढली, तिच्या जागी दुसरी आली. गर्दी वाढत जाणं हीच गोष्ट आहे, असं तिचं म्हणणं.

तिसरं मत पैशांचं, आणि इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. फाल्कोनला आपला काळा पैसा गोथमच्या बँकेतून धुऊन घ्यायचा असतो. संचालक मंडळ नकार देतं. मग तो नोटांचा ढीग गोदामात पडून राहतो, आणि बॅटमॅन आणि हार्वे डेंट तो पेटवून देतात. आपल्या तरुणांनी इथे टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. आपल्याकडे २००२ चा मनी लाँडरिंगचा कायदा आहे, तो १ जुलै २००५ पासून लागू झाला. त्यात असा पैसा जप्त करतात, जाळत नाहीत. कारण तो पुरावा असतो. कुठून आला, कोणी दिला, कोणासाठी ठेवला, हे त्याच्यावरूनच शोधता येतं. सरकारी वकीलच पुरावा जाळायला लागला, तर कोर्टात उभं काय करणार? नियम वाकवायचा करार झाला आणि पहिल्याच अंकात तो मोडला. तरुण म्हणाले, "काका, कायद्याने फाल्कोनचं काय वाकडं झालं होतं?" प्रश्न खरा आहे. पण त्या आगीचा सूड म्हणून स्फोट झाला तो हार्वेच्या घरात, आणि हॉस्पिटलात पोचली गिल्डा, जिने काडी पेटवली नव्हती.

चौथं मत त्याच गिल्डाबद्दलचं. आमच्या विंगमधल्या एक वहिनी कट्ट्यावर सहसा बोलत नाहीत, चहा झाला की उठतात. त्या दिवशी म्हणाल्या, "एवढे मोठे डिटेक्टिव्ह, पोलीस, वकील, सगळे फाल्कोनच्या मागे. घरात बसलेल्या बाईकडे एकानेही पाहिलं नाही. तिला नवरा घरी हवा होता, मूल हवं होतं. आणि आपण वाचणाऱ्यांनी तरी कुठे पाहिलं? बाळाच्या बाटलीचं बूच पहिल्या खुनापासून समोर होतं." मंडळी, क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग अर्ध्या लोकांनी पुस्तक पुन्हा मागितलं.

मला विचाराल तर हिशोब टॅली होत नाही, हे खरं. पण नोकरीत आम्हाला पहिल्यापासून शिकवलं जायचं, की कागदावर सही आहे म्हणजे मजकूर खरा आहे असं धरू नये. अल्बर्टोने कबुली दिली, पोलिसांनी फाइल बंद केली. एवढ्याने समाधान मानायचं की नाही, हे लेखकाने वाचकावर सोपवलं. आणि मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळाच आहे. तीन प्रामाणिक माणसं एकत्र आली, त्यातला एक खुनी होऊन बाहेर पडला. हे कोणत्या पानावर झालं? अ‍ॅसिड पडलं तेव्हा, की गोदाम पेटलं तेव्हा? माझ्या मते गोदामाशी. तुमचं मत वेगळं असू शकतं.

आता सूचनापेटीतल्या चिठ्ठीचं. लिहिणाऱ्यांची काळजी रास्त आहे. रक्त आहे, मारामारी आहे, हे लहान मुलांचं पुस्तक नाही. म्हणून माझी सूचना अशी : खालच्या बालविभागातून ते वरच्या फळीवर न्यावं, पंधरा वर्षांखालच्यांना आई-वडिलांच्या संमतीनेच द्यावं. पण काढू नये. पंचवीस वर्षांत आपल्या कट्ट्यावर पुस्तकं पुष्कळ झाली. पण सोळा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतले आजोबा एकाच पुस्तकावरून तावातावाने भांडले, आणि कधी न बोलणाऱ्या वहिनींनी दोघांनाही गप्प केलं, असं मला तरी आठवत नाही. वार्षिक सभेत पार्किंगवरून भांडण्यापेक्षा हे बरं!

चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी पुढच्या शनिवारी कट्ट्यावर यावं, पुस्तक वाचून यावं, आणि तेच मत सर्वांसमोर मांडावं. आपण पाचवं मत म्हणून त्याची नोंद करू.