एक लाख वीस हजारांची कैफियत

जुनी मोटार घ्यावयास निघालेला गृहस्थ विक्रेत्याला पहिला प्रश्न 'रनिंग किती झाले?' असा करतो, आणि उत्तरादाखल 1,20,000 किलोमीटर असा आकडा कानी पडताच निम्मा माघारी फिरतो. ही भीती सर्वस्वी निराधार नसली तरी ती योग्य ठिकाणी बसलेली नाही, असे माझे नम्र मत आहे. आठ वर्षांच्या मोटारीचा हा आकडा वर्षाकाठी 15,000 आणि दिवसाकाठी सुमारे 41 किलोमीटर इतकाच पडतो. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वरच्या गिअरमध्ये संथपणे कापलेले अंतर आणि दादर-ठाण्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबीत रेटलेले अंतर मीटरवर सारखेच उमटते. सिग्नलपाशी उभे राहून इंजिन जे तास धडधडते, त्यांची तर मीटरच्या दप्तरी नोंदच होत नाही. घरापासून बाजारापर्यंतच फिरणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद होते, त्यामुळे तेलात उतरलेला ओलावा आणि इंधनाचा अंश उडून जात नाही, आणि कमी चाललेली म्हणून मिरवणारी गाडी आतून झिजत राहते.

त्यातून हा आकडा प्रामाणिक असेलच याची हमी कोण देणार? मीटर मागे फिरवणे हे आजच्या विद्युत्-यंत्रणेतही अशक्य नाही. प्रस्तुत वक्त्याने एकदा 40,000 चा आकडा पाहून हर्षभराने इसार दिला. ब्रेकच्या पायपट्टीवरील रबर झिजून गुळगुळीत झाले होते, हे ध्यानी आले तेव्हा दोन महिने उलटले होते. तेव्हापासून मी आकड्याआधी पायपट्ट्या, सुकाणूचक्राची तकाकी आणि चालकाच्या आसनाची दबलेली कड पाहतो. टायरच्या बगलेवरील चार अंकही वाचावे : 2319 म्हणजे 2019 सालातील तेविसावा आठवडा. गाडी थोडीच चालली असे सांगितले जात असताना चारही टायर बदललेले दिसले, तर कारण विचारण्यात संकोच नसावा. सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे सर्व्हिसिंगच्या पावत्या, कारण त्यांवर तारखेबरोबर त्या त्या दिवशीचे किलोमीटर नोंदलेले असतात.

बैलबाजारातील जाणता शेतकरी दात पाहतो, खांदा चाचपतो, आणि तरीही जनावर चालवून पाहिल्याविना सौदा करीत नाही. मोटारीचेही तसेच आहे. आपण पोचण्याआधी गाडी सुरू करू नये असे विक्रेत्यास बजावावे आणि गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते उबदार लागले तर थंड इंजिनाची खोड लपवण्याचा उद्योग झालेला असू शकतो. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर तेल जळते आहे, दाट पांढरा धूर थांबेचना तर थंडाव्याचे पाणी आत शिरते आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसणे हीही त्याच रोगाची खूण असू शकते. काही इंजिनांत टायमिंगचा पट्टा रबराचा असतो व तो ठरावीक अंतरानंतर बदलावा लागतो. तो धावत्या गाडीत तुटला तर पुष्कळदा झडपा पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होते. पट्टा, क्लच, शॉकॲब्सॉर्बर यांचा खर्च विक्रेत्यासमक्ष मांडून किमतीतून वजा करावा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. आरसी बुकातील चासी व इंजिनाचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावे. बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचा दाखला हाती आल्याखेरीज पैसे मोजू नयेत. राज्यांतर्गत व्यवहारात विक्रेत्याने 14 दिवसांत आणि खरेदीदाराने 30 दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे, असे मोटार वाहन कायदा सांगतो. विक्री होऊनही नाव न बदलल्यास अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावरच राहते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिला आहे. दिरंगाई विकणाऱ्यालाच अधिक भोवते. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते, तेव्हा तिची किती वर्षे उरली आहेत तेही पाहावे.

एकाच मालकाची, पावत्यांची चोपडी जपलेली, 1,20,000 चाललेली मोटार आणि 40,000 दाखवून पूर्ववृत्तांताविषयी मौन धरणारी मोटार, यांतून निवड करायची झाल्यास मी पहिली घेईन. मात्र सौद्याला जाताना आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, आणि त्याची मजुरी विक्रेत्याला देऊ देऊ नका, आपणच द्या.