रात्रीचा उन्हाळा

उन्हाने माणूस दगावला म्हटले की भर दुपारी रस्त्यात कोसळलेला मजूर आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु २०१० सालच्या मे महिन्यात आपल्या बडोद्याशेजारच्या अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि मागच्यापुढच्या वर्षांतील मे महिन्याच्या मानाने सुमारे १,३४४ माणसे अधिक मृत्यू पावली, ती सगळी काही रस्त्यात पडली नव्हती. उष्म्याने जुना हृदयविकार बळावतो, मूत्रपिंडे थकतात, आणि मृत्यूच्या दाखल्यावर नाव लागते ते त्या विकाराचे. उन्हाचे नाव दफ्तरात बहुधा येतच नाही.

माठातले पाणी पाझरते, वारा लागून उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. आपला घाम हेच कार्य करतो. पण जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजली की तो पाणी गार करीनासा होतो, तद्वतच सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घाम कमी येतो आणि तहानही वेळेवर कळत नाही. माठ रिताच ठेवला तर पाझरणार काय? आणि पावसाच्या तोंडावर हवा दमट झाली म्हणजे नवा कोरा माठसुद्धा हतबल होतो. म्हणून जूनमध्ये पारा दोन अंश उतरला एवढ्यावरून बडोदेकरांनी निर्धास्त होऊ नये.

माझा आग्रह आहे तो रात्रीविषयी. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली उष्म्याच्या बंदोबस्ताचा आराखडा केला, ही फार मोलाची गोष्ट. पण त्यातला तांबडा इशारा ४५ अंशांच्या, म्हणजे दिवसाच्या कमाल, तापमानावर बेतलेला. दिवसभर श्रमलेल्या हृदयाला विसावा मिळायचा तो रात्री. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या घरी पत्र्याखालच्या माळ्यावर जाऊन रात्री दहा वाजता भिंतीला हात लावून पाहा. चटका बसतो, आणि तिथेच आपण आजोबांची खाट टाकलेली असते! पुन्हा सांगतो, दुपार सांभाळली म्हणजे झाले असे नाही, रात्र सांभाळली पाहिजे.

थंडीचीही एक बाजू आहे. तेरा देशांतील मृत्यूंचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की थंडीपायी उष्म्याहून कितीतरी अधिक माणसे जातात, आणि तीही कडाक्याच्या नव्हे, बहुतांशी बेताच्या थंडीने. उष्म्याचा घाव एक-दोन दिवसांत बसतो, थंडीचा कित्येक दिवस रेंगाळतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, आणि... पण वेळ संपत आली. तूर्त आज रात्री एवढे कराच: आजोबांची खाट खालच्या मजल्यावर आणा, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा, अंगावरून ओला पंचा फिरवा, आणि मध्यरात्री एकदा उठून त्यांना हाक मारा.