उसाचा तिसरा नळ



साखर कारखान्यांत कांहींही वाया जात नाहीं, असें हल्लीं अभिमानानें सांगण्यांत येतें. 'चक्राकार अर्थव्यवस्था' असें त्यास भारदस्त नांवही मिळालें आहे. तें बव्हंशीं खरें आहे. एक टन ऊस गाळला म्हणजे १०० ते ११० किलो साखर हातीं येते. मागें राहणारा जवळजवळ ३०० किलो चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरांत जळतो. त्यावर कारखाना चालून वीजही विकतां येते. मळीचें इथेनॉल होतें, प्रेसमडचें खत शेताकडे परत जातें. उसाच्या वजनांत सुमारें ७० टक्के पाणीच असतें. रस आटवितांना निघणारी वाफ थंड करून तेंही कित्येक कारखाने पुन्हां वापरतात. टनामागें फार तर ७०० लिटर.

मीं शाळेंत मुलांना हौदाचीं गणितें पुष्कळ घातलीं. दोन नळ हौद भरतात, तिसरा रिकामा करतो. तो तिसरा नळ जो मुलगा विसरे, त्याचा हौद नेहमीं लवकर भरे! कारखान्याच्या हिशेबांतील तिसरा नळ फाटकाबाहेर, शेतांत आहे. महाराष्ट्रांत एक किलो साखरेमागें उसाला सुमारें २,००० लिटर पाणी लागतें, असा कृषि खर्च व मूल्य आयोगाचा अंदाज आहे. म्हणजे टनभर उसामागें २ लाख लिटर. परत आलेल्या ७०० लिटरांचा गौरव होतो. या २ लाखांची नोंद कारखान्याच्या वहींत नसते.

एप्रिल २०१६ मध्यें लातूरची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून पाण्याची आगगाडी गेली. पहिल्या खेपेचें पाणी सुमारें ५ लाख लिटर होतें. वरील दरानें तेवढ्या पाण्याची साखर ५० किलोंचीं अवघीं पांच पोतीं! आणि लातूर हा स्वतः साखर कारखान्यांचा जिल्हा आहे.

यांत शेतकऱ्यास दोष देणें अन्यायाचें होईल. उसाला कायद्यानें ठरलेला दर आहे, गिऱ्हाईकही ठरलेलें आहे. ज्वारी-हरभऱ्याला तसा भरंवसा कोण देतो? ठिबकानें पाणी वांचतें, म्हणून २०१७ सालीं राज्य सरकारनें उसासाठीं ठिबक सक्तीचें करण्याचें ठरविलें. परंतु किती वांचलें, हें मोजल्यावांचून कसें कळावें?

कारखान्याच्या अहवालांत साखरेचा उतारा दशांशापर्यंत छापतात. त्याच्या शेजारीं आणखी एक रकाना असावा: किलोमागें शेतांत किती लिटर. विहिरीवर मापक यंत्र नसेल. पण पंप किती तास चालला हें शेतकऱ्यास ठाऊक असतें, आणि तासाला किती उपसा होतो तें एक पिंप भरून पाहतां येतें. पुढचा गुणाकार त्यानें शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून करून घ्यावा.