आधी विचारा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



नोकरदारांसाठी लिहिलेल्या पुस्तकांविषयी मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. दहा माणसांना बरोबर घेऊन काम कसे करावे, कामाच्या जागी मन स्वस्थ कसे राहील, नवी युक्ती कशी सुचते, अशा विषयांची ही पुस्तके. ती साहेबलोकांची, आपल्याला त्यांचे काय, असे कोणी म्हणेल. पण रांजणगावला पाळीवर जाणारी, दौंडहून गाडी धरून पुणे गाठणारी, अंगणवाडी चालवणारी, या साऱ्या नोकरदारच की! आणि मराठी माणसाला हे वाचन नवे नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. तिचेच पुढे घरोघरी जाणारे मासिक झाले, आणि १९३० साली त्याच घरातून ‘स्त्री’ मासिक निघाले.

माझे माहेर दौंडचे, सासर शिरूरचे. भीमेकाठची मी घोडनदीकाठी आले आणि जवळच्या एका कारखान्याच्या कचेरीत लागले. काही वर्षांनी आठ मुलींवर मला प्रमुख नेमले. मी हौसेने मन शांत ठेवण्याचे एक पुस्तक आणले. आमच्यातली एक मुलगी दुपारनंतर अगदी मलूल होई, कामात चुका करी. मी तिला पुस्तकातले सांगे, “दीर्घ श्वास घे, मन खंबीर कर.” ती मान हलवी. एके दिवशी तिने नोकरीच सोडली.

पुढे बाजारात भेटली तेव्हा कळले. बायकांच्या संडासाची किल्ली शिपायाकडे असे. ती मागायची लाज वाटे, म्हणून ती सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी परतेपर्यंत पाणीच पीत नसे. त्यातून दुखणे जडले होते. भगिनींनो, कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी वेगळे शौचालय हवे, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातही लिहिलेले होते. कुलूप दाराला होते, आणि मी उपदेश तिच्या मनाला करीत होते! “तुला काय होते ग?” एवढे मी एकदाही विचारले नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही उरलेल्या सगळ्याजणी मिळून साहेबांकडे गेलो. आठ दिवसांत कुलूप निघाले. पण ती मुलगी परत आली नाही.

त्यानंतर मी पुस्तके निराळ्या नजरेने वाचू लागले. पीटर ड्रकर यांचे अधिकाऱ्यांच्या कामावरचे पुस्तक १९६६ चे. आपला वेळ कुठे जातो ते आठवणीवर न सोडता लिहून ठेवा, असे ते सांगतात. आणि माझ्यामुळे तुमचा वेळ कुठे फुकट जातो, हे हाताखालच्यांना विचारा, असेही सांगतात. अमेरिकेच्या लिलियन गिल्ब्रेथबाई बारा मुलांची आई आणि कामाच्या पद्धतींच्या शास्त्रज्ञ. स्वयंपाकघराची मांडणी ठरवताना त्यांनी तिथे राबणाऱ्या बायकांच्या हालचाली पाहिल्या, अडचणी विचारल्या. ओटा बाईच्या उंचीला जुळता हवा, हे त्यातूनच आले. नवी युक्ती म्हणतात ती हीच.

आपल्या रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्यावर व्यवस्थापनाचा शिक्का नाही. पण शिकताना घरच्याच बायकांचा रोष सोसलेल्या या बाईने पुण्याचे सेवासदन उभारले आणि कितीतरी जणींच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. बाईची वाट कुठे अडते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. पुढारीपणाचा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही.

म्हणून पुस्तक चांगले की वाईट, याची माझी कसोटी साधी आहे. जे नुसते सोसायला शिकवते ते मी मिटून ठेवते. जे विचारायला शिकवते ते शेजारणीला देते. आपल्या मंडळाने महिन्याला असे एक पुस्तक मिळून वाचावे, आणि शेवटी प्रत्येकीने आपल्या कामाच्या जागी कोणाला काय विचारणार ते सांगावे, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिले पुस्तक मी आज बरोबर आणले आहे. ते चिटणीसबाईंच्या हाती देऊन आपली रजा घेते.